सुताराच्या ढलप्या आणि रोपाचे आळे



आपल्या देशात वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली सुरू झाली. त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांची ती कल्पना. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या आरंभी गावोगावी रोपे लागतात. शाळेची मुले रांगेने उभी राहतात, खड्डा आधीच खणून ठेवलेला असतो, सरपंच किंवा कोणी पाहुणे येतात, रोप लागते, टाळ्या होतात, छायाचित्र निघते. आषाढ-श्रावणात रोप तरारते. दिवाळीपर्यंत ते गुडघ्याएवढे होते. पुढे माघ सरतो, फाल्गुनात वारे सुटतात, आणि वैशाखात पाहावे तर आळ्यात एक वाळकी काडी उभी असते. त्या काडीचे छायाचित्र मात्र कोणी काढत नाही.

कारण विचारा, उत्तर ठरलेले असते: "पाणी नव्हतं हो, काय करणार?" हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. मुलांनी घरून तांब्या तांब्या आणून घातलेले पाणी गेले कुठे? रोपाने प्यायले ते थोडे. बरेचसे उन्हाने आणि वाऱ्याने आळ्यातून उचलून नेले. पाणी घालणे हे एक काम आणि घातलेले पाणी राखणे हे दुसरे. पहिल्या कामासाठी विहीर हवी, टाकी हवी, टँकर हवा. दुसऱ्या कामाला लागणारी वस्तू आपल्या गावच्या सुताराच्या दारात पडलेली असते, आणि पुष्कळदा संध्याकाळी झाडून पेटवून दिली जाते. ती वस्तू म्हणजे लाकडाच्या ढलप्या. त्या फुकट किंवा अल्प मोलात कशा मिळवायच्या, कोणत्या घ्यायच्या, कोणत्या घ्यायच्या नाहीत आणि घरी व शाळेत त्यांचा उपयोग कसा करायचा, हे आज पाहू.

आधी नावे नीट लावून घेऊ, कारण सगळे लाकूड एका जातीने वागत नाही. कुऱ्हाडीने किंवा वाकसाने लाकूड तासताना जे जाड, चपटे तुकडे उडतात त्या ढलप्या. रंधा मारताना वळ्यावळ्यांनी बाहेर पडतात ती सालपटे. करवतीखाली पिठासारखा पडतो तो भुसा. आणि आता एक चौथा प्रकार झाला आहे. फांद्या यंत्रात घालून त्यांचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे करतात. त्या यंत्राला श्रेडर म्हणतात आणि ते ट्रॅक्टरवरही चालते. या तुकड्यांत लाकूड, साल आणि पाला असे तिन्ही एकत्र येतात, म्हणून आळ्यासाठी हाच प्रकार सर्वांत चांगला. त्याखालोखाल ढलप्या, मग सालपटे, आणि शेवटी भुसा.

आता या तुकड्यांनी पाणी कसे राखले जाते? दिव्याची वात तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढते. मातीचेही तसेच आहे. मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून खालचा ओलावा वर चढत असतो. वरची माती उघडी असली की ऊन आणि वारा तो ओलावा नेतात आणि खालून आणखी ओलावा वर येतो. ढलप्यांचा थर पसरला की ही वात तुटते. ढलप्यांमधल्या फटी मोठ्या असतात. त्यांतून पाऊस खाली उतरतो, पण खालचे पाणी त्यांतून वर चढू शकत नाही. शिवाय सावली पडते, माती तापत नाही, आणि वारा मातीला थेट लागत नाही.

मी भूगोल शिकवणारा माणूस, म्हणून काळ्या जमिनीविषयी एक शब्द अधिक बोलतो. आपली काळी कसदार जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात आणि भेगेच्या दोन्ही अंगांनी ओलावा निघून जातो. वरून मारलेले पाणी भेगेतून सरळ खाली जाते ते वेगळेच. आळ्यातली माती झाकलेली राहिली, तर ती सावकाश वाळते आणि भेगा कमी पडतात. मुरमाड जमिनीत भेगांचा त्रास नाही, पण तिथे पाणी मुळातच थोडे टिकते. म्हणजे झाकण दोन्हीकडे हवे.

किती माल लागतो याचा हिशेब शिक्षकांनी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. रोपाचे आळे ३ फूट व्यासाचे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस फूट. थर ३ इंचांचा, म्हणजे पाव फुटाचा. सातची पावपट पावणेदोन. तेव्हा एका आळ्याला पावणेदोन घनफूट, म्हणजे जवळजवळ ५० लिटर ढलप्या लागतात. १५ लिटरचा तेलाचा रिकामा डबा घेतला तर सव्वातीन ते साडेतीन डबे. ५० रोपांना साडेसत्त्याऐंशी घनफूट झाले. वाळू आणि खडी आपण ब्रासने मोजतो, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे शाळेच्या पन्नास रोपांना एक ब्रासही लागत नाही! ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीचे हे काम आहे.

आता हा माल मिळवायचा कुठे? पहिले ठिकाण म्हणजे गावातला सुतार. पण इथे एक गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. सुताराच्या दारातल्या ढलप्या कचरा आहेत असे समजून घमेले घेऊन जाऊ नका. पुष्कळ घरी त्या ढलप्यांवर अजून चूल पेटते. कधी शेजारची एखादी म्हातारी रोज ओंजळभर ढलप्या नेत असते. तिचा हक्क आपल्या आळ्याच्या आधीचा आहे. आधी चूल, मग झाड. तेव्हा वाळक्या, जाड, जळाऊ ढलप्या ज्याच्या त्याला राहू द्या आणि चुलीला नको असते ते मागा: ओला भुसा, सालपटे, सालीचे तुकडे, पावसात भिजून काळे पडलेले ढीग. चूल त्यांनी धुमसते. रोपाला मात्र तेच चालते, उलट अर्धवट कुजलेले अधिक चालते.

दुसरे ठिकाण आरागिरणी, म्हणजे आपण जिला सॉमिल म्हणतो ती. १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे या गिरण्यांच्या परवान्यांवर कडक नियंत्रण आले आहे. त्यामुळे त्या गावोगावी सापडणार नाहीत, तालुक्याच्या गावी चौकशी करावी लागेल. दुसरे असे की भुशाला आता गिऱ्हाईक आहे. भुसा दाबून त्याच्या कांड्या करतात आणि त्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतात. म्हणून मोठी गिरणी भुसा फुकट देईलच असे नाही. पण सालीचे तुकडे, मातीत मिसळलेला भुसा, पावसाने भिजलेला ढीग कांडीवाल्याला नको असतो. गिरणीवाल्यालाही तो जागेवरून हलवायचाच असतो. "भुसा द्या" असे न म्हणता "तुम्हाला नको असलेला ढीग उचलून नेतो" असे म्हणा. बहुधा नकार येणार नाही.

तिसरे ठिकाण रस्त्याच्या कडेला आहे. पावसाळ्यापूर्वी वीज कंपनीची माणसे तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात. नगरपालिकाही शहरातली धोकादायक झाडे छाटते. या फांद्या कित्येक दिवस कडेला पडून असतात. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला रीतसर विचारून त्या आणाव्यात. लाकडी फांद्या सरपणाला जातील. आपण पाल्यासकट बारीक डहाळ्या घ्याव्यात आणि कोयत्याने वीत वीत तुकडे करावेत. यंत्राने तुकडे सुबक होतात, कोयत्याने ओबडधोबड होतात, रोपाला दोन्ही सारखेच. मात्र विचारल्यावाचून उचलू नका, आणि ढलप्यांसाठी म्हणून उभे झाड तोडू नका. १९६४ सालच्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे त्यातील यादीतली झाडे स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. आणि झाडे जगवायला झाडे तोडणे, याला काय म्हणावे?

चौथे ठिकाण आपले शेत. इथे प्रदेशाप्रमाणे फरक पडतो. नाशिक आणि सांगलीकडच्या द्राक्षबागांत वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. दोन्ही वेळी काड्यांचे ढीग निघतात. पुष्कळ बागायतदार आता त्यांचे तुकडे करून बागेतच पसरतात. उरल्यासुरल्या काड्या शाळेला मिळू शकतात. विदर्भ आणि मराठवाड्यात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उभ्या राहतात, तुरीच्या तुराट्या पडतात. तुराटी सरपणाला आणि कुडाला जाते, ती जाऊ द्या. पऱ्हाटी मात्र अनेक ठिकाणी बांधावर पेटवून देतात. पऱ्हाटीतही लाकूड आहे. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जी १९२४ पासून काम करते आहे, तिने पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याचे तंत्र विकसित केले आहे. ज्याची फळी होते त्याचे आच्छादन सहज होईल. फक्त पऱ्हाटीला लोंबणारी किडकी बोंडे आधी तोडून नष्ट करावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दडून बसते. २०१७ साली या अळीने विदर्भाचे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागवानाचा मुलूख, बल्लारपूरसारख्या ठिकाणी लाकडाचा मोठा व्यापार. तिकडे सागाचा भुसा आणि सालपटे मिळणे सोपे. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. त्यांच्या चरकावरून निघणारा कीस मऊ आणि चांगला, पण रंगवलेल्या लाकडाचा नको, कोऱ्याचा घ्यावा. बाकी कोकणात आंबा-काजूच्या छाटणीचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या मुबलक. जिथे मोठे लाकूडच नाही, अशा दुष्काळी भागात वेडी बाभूळ तरी असतेच. तिचे तुकडे चालतात, मात्र काट्यांच्या फांद्या वेगळ्या काढाव्यात. शाळेत अनवाणी फिरणारी मुले असतात हे विसरू नये.

माल आणायला जाताना आपली पोती, आपले फावडे, आपला झाडू न्यावा. नेलेली जागा झाडून स्वच्छ करून यावे. दिवस ठरवून घ्यावा, आणि ठरवलेला दिवस चुकवू नये. कारागिराला दहा रुपयांपेक्षा या गोष्टीचे मोल अधिक वाटते. शाळेतून प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमाचे बोलावणे त्याला गेले, तर पुढच्या वर्षी तो स्वतःच पोती भरून ठेवील. अशा वस्तूंची किंमत पैशांत थोडी आणि माणुसकीत जास्त असते.

आता कोणते घेऊ नये ते पाहा. हा भाग शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा. फर्निचरच्या दुकानात हल्ली प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्या कापतात. त्यांत रासायनिक गोंद असतो. त्यांचा भुसा मैद्यासारखा बारीक असतो, त्यात सनमायकाच्या रंगीत कपच्या दिसतात आणि नाकाला झोंबणारा वास येतो. असा भुसा आळ्यात, कोंबड्यांखाली किंवा चुलीत, कुठेच घालू नये. रंगवलेले, पॉलिश केलेले, वाळवीच्या औषधात बुडवलेले लाकूडही नको. काही औषधांत तांबे, क्रोमियम आणि चक्क सोमल असतो. कारखान्यांतून येणाऱ्या लाकडी खोक्यांवर आणि पाटांवर कधी कधी शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एच टी' ही अक्षरे असली तर ते लाकूड नुसत्या उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एम बी' असली तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकारचे लाकूड सोडून द्यावे. पहिले घेतानाही त्यावर तेल किंवा रसायन सांडलेले नाही ना, हे पाहावे.

रोगट झाडाचेही तसेच. सोलापूरकडे डाळिंबाला तेल्या रोग येतो. त्या बागेतली रोगट छाटणी बागेबाहेर नेऊन नष्टच करायची असते. तिचे आच्छादन केले तर आपण रोगाला गाडीत बसवून आणल्यासारखे होईल. नियम सोपा आहे: डाळिंबाची छाटणी डाळिंबाला नको, द्राक्षाची द्राक्षाला शेजाऱ्याकडून आणायला नको. दुसऱ्या जातीच्या झाडाला निरोगी छाटणी घालावी. निलगिरीचे ताजे तुकडे कोवळ्या रोपांना मानवत नाहीत, ते काही महिने ढिगात कुजवून मग वापरावेत. कण्हेर विषारी आहे, जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या आसपास तिचा तुकडाही नको.

भुशाची धूळ नाकात जाणे वाईट. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला आहे. तो वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कारागिरांना धरून आहे. आपल्याला घाबरून जाण्याचे कारण नाही, पण पोती भरताना नाकाला ओला रुमाल बांधावा, भुशावर पाणी शिंपडावे, आणि हे काम मुलांना न देता मोठ्यांनी करावे. जुन्या ढिगात हात घालू नये. आधी काठीने किंवा खोऱ्याने हलवून घ्यावा. विंचू आणि कोकणात फुरसे अशाच ठिकाणी दबा धरून असते.

माल आला. आता पसरायचा केव्हा? पुष्कळ जण उन्हाळा तापू लागला की जागे होतात. तेव्हा पसरलेल्या ढलप्या कोरड्या मातीवर बसतात, आणि मग जे राखायचे तेच खाली नसते. आच्छादन ओल्या मातीवर घालायचे असते. देशावर आणि मराठवाड्यात परतीचा पाऊस होऊन गेला की, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, हे काम करावे. कोकणात आषाढातल्या झोडपणाऱ्या पावसात ढलप्या वाहून जातात. तिथे पाऊस ओसरल्यावरच पसराव्यात आणि आळ्याभोवती जांभ्या दगडाचे कडे करावे. आळ्यातले तण काढा, पोटभर पाणी द्या, वर दोन मुठी कुजलेले शेणखत टाका आणि मग ढलप्यांचा ३ इंच थर द्या. भुसा असेल तर एक-दीड इंचच. भुसा जास्त जाड झाला की त्याचे चिकट चिखट बनते आणि पाणी-हवा दोन्ही अडतात. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा. खोडाला ढलप्या टेकल्या तर साल कुजते आणि वाळवीला शिडी मिळते. त्याच कारणाने घराच्या भिंतीला आणि दाराच्या चौकटीला लागून ढलप्यांचा ढीग करू नये.

पुढे पाणी देताना मात्र एक खुबी आहे. तांब्याभर पाणी ढलप्यांवर ओतले तर ते ढलप्याच पिऊन टाकतील. थोडे पाणी असेल तर हाताने ढलप्या बाजूला सारून मातीवर ओता आणि पुन्हा झाका. त्याहून बरे म्हणजे आळ्यात एक मातीचे मडके तोंडापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. मडके मातीला झिरपत पाणी देते आणि ढलप्या ते वर येऊ देत नाहीत.

इथे जाणता शेतकरी मला अडवील. तो म्हणेल, "गुरुजी, लाकडाचा भुसा शेतात पडला की पीक पिवळं पडतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाकूड कुजवणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांना कर्बही लागतो आणि नत्रही. शेणखतात एका भाग नत्राला वीस-पंचवीस भाग कर्ब असतो. गव्हाच्या काडात तो ऐंशीच्या आसपास जातो, आणि लाकडाच्या भुशात दोनशेपासून पाचशेपर्यंत. भुसा मातीत कालवला की या जीवांना कर्बाचे जेवण भरपूर मिळते पण नत्र मिळत नाही. मग ते मातीतले नत्र उचलतात आणि पिकाची उपासमार होते. पण भुसा मातीत न कालवता मातीवर नुसता पसरला, तर ही ओढाताण दोहोंच्या सीमेवरच, बोटभर थरात होते. झाडाची मुळे त्याखाली असतात, त्यांना झळ लागत नाही. तेव्हा ढलप्या मातीवर ठेवायच्या, मातीत मिसळायच्या नाहीत. याच कारणाने नुकतेच पेरलेले मेथी-कोथिंबिरीचे वाफे भुशापासून दूर ठेवावेत.

ढलप्यांचा थर वर्ष-दीड वर्षात खाली बसतो. खालच्या बाजूने तो काळा, भुसभुशीत होतो आणि गांडुळे वर येतात. पांगारा, सावर, सुबाभूळ ही मऊ लाकडे लवकर कुजतात, साग आणि बाभूळ सावकाश. दर दसऱ्याला दोन-तीन घमेली वरून घातली की पुरे.

घरच्या आणखी दोन-तीन उपयोगांबद्दल थोडक्यात सांगतो. कोंबड्यांच्या खुराड्यात रंध्याच्या सालपटांची दोन-तीन इंच गादी उत्तम. ती ओल शोषते आणि वास कमी होतो. अधूनमधून ती खालीवर करावी, ओली झालेली बाजूला काढावी. लहान पिलांच्या खाली बारीक भुसा उघडा ठेवू नये, ती तो दाणा समजून खातात. पहिले काही दिवस वर कागद पसरावा. वापरलेली गादी कोंबड्यांच्या विष्ठेमुळे नत्राने भरलेली असते. ती उकिरड्यावर फेकू नका. शेण, हिरवा पाला आणि ही गादी थराथराने रचून ओलसर ठेवली आणि महिन्यातून एकदा उलथली, तर सहा महिने ते वर्षभरात चांगले खत होते.

भुशाची शेगडी जुन्या माणसांना ठाऊक आहे. पत्र्याच्या डब्याला तळाशी एका बाजूला भोक पाडायचे, त्यातून एक काठी आत घालायची, मधोमध बाटली उभी धरायची आणि भोवती कोरडा भुसा दाबून भरायचा. मग बाटली आणि काठी हळूच काढून घेतली की आत हवेची वाट तयार होते. खालून पेटवले की आत जळण सारत बसावे लागत नाही. पाणी तापवायला ती चांगली. पण ती अंगणात, उघड्यावरच पेटवावी. बंद स्वयंपाकघरात तिचा धूर आणि त्यातला विषारी वायू घातक असतो.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला पैसा लागत नाही. दोन सारखे डबे घ्या, दोन्हींत एकाच ठिकाणची माती सारख्या वजनाची भरा, सारखे पाणी घाला. एका डब्यावर तीन बोटे ढलप्या पसरा, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही वाण्याच्या काट्यावर तोलून वजन लिहा आणि उन्हात ठेवा. पंधरा दिवस रोज त्याच वेळी तोला. जे वजन कमी झाले ते उडून गेलेले पाणी. मुलांना आलेख काढायला लावा. पाण्याच्या बचतीवर निबंध लिहून घेण्यापेक्षा हे दोन आकडे मुलांच्या अधिक लक्षात राहतील.

आणि हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर शाळेच्या आवारात करता येईल. येत्या दसऱ्याला सगळ्या रोपांना ढलप्या पुरल्या नाहीत तरी चालेल, दहा रोपांना घाला. उरलेल्यांना पूर्वीसारखेच पाणी घालत राहा. प्रत्येक रोपाला एक क्रमांक आणि एका मुलाचे नाव द्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रोपाची उंची, पानांची संख्या आणि मातीला पडलेल्या भेगा वहीत लिहा. वैशाखात, सुटी लागण्यापूर्वी, त्या वह्या गावकऱ्यांसमोर वाचून दाखवा. त्या बैठकीला गावच्या सुताराला बोलावायला विसरू नका.